मराठवाड्याच्या थंडीत परसातल्या कोंबड्या: दसऱ्यापासून होळीपर्यंतची कामं

डिसेंबर लागला की गावोगावी खुराड्यांचा एकच अवतार दिसतो. चारी बाजूंनी युरियाची रिकामी पोती, वरून मेणकापड, फटींत चिंध्या. आत पंधरा-वीस कोंबड्या. आठवडाभरात त्यातल्या दोन-तीन शिंकायला लागतात, एखादीचं तोंड सुजतं, आणि मग 'थंडी बाधली' म्हणून आणखी एक पोतं चढतं. बाधलेली असते ती कोंडलेली हवा.

कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि वरून पिसांचा थर. मराठवाड्यात हिवाळ्याच्या रात्री पारा १०-१२ अंशांवर असतो. कडाक्याच्या लाटेत परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नोंदीत तो ५-६ अंशांपर्यंतही उतरतो. पण दुपारी त्याच अंगणात २८-३० अंश ऊन असतं. पोट भरलेली, कोरड्या जागेत बसलेली, वाऱ्याच्या आडोशाला असलेली मोठी कोंबडी अशी रात्र सहज काढते. अंगावर येणारा सरळ वारा, ओली जमीन, विष्ठेची वाफ आणि रिकामं पोट या चार गोष्टी मात्र तिला सोसत नाहीत. पिल्लांचा हिशोब पूर्ण वेगळा, तो पुढे सविस्तर येईल.

हे सगळं दहा ते पंचवीस कोंबड्यांच्या घरगुती खुराड्यासाठी आहे. पोल्ट्री शेडवाल्यांची गणितं निराळी असतात.

दसरा-दिवाळीच्या दरम्यान

सोयाबीन निघालं की हात थोडे मोकळे होतात, त्याच दिवसांत खुराडं रिकामं करून घ्या. जमिनीवरची जुनी गादी, म्हणजे भुसकटाचा थर, खरवडून उकिरड्यावर टाका, जमीन दोन दिवस उन्हात तापू द्या, लाकडाच्या फटी आणि आडव्या दांड्यांची टोकं चुन्याने सारवून घ्या. गोचीड आणि पिसवा दिवसा तिथेच लपलेल्या असतात.

त्याच आठवड्यात जंताचं औषध द्यायचं. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा ती दवाखान्यातूनच विचारून घ्या. त्यानंतर आठ दिवसांनी मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस. दोन महिन्यांवरच्या पक्ष्यांना आर-टू-बी ही लस पंखाखाली टोचतात. लहान पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी त्याच रोगाच्या लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा. अडचण अशी की कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची येते आणि आपल्याकडे असतात पंधरा. म्हणून गल्लीतल्या सात-आठ घरांनी एकच दिवस धरावा, बचत गट असेल तर त्याच्या बैठकीतच तारीख ठरवावी. कुपी बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणायची, पातळ केल्यावर दोन तासांच्या आत संपवायची, आणि उरलेली 'उद्या पाहू' म्हणून कोनाड्यात ठेवायची नाही. सुस्त, आजारी पक्ष्याला लस देऊ नका.

खुराड्याची बांधणी

आपल्याकडे थंडीचा वारा बहुतेक उत्तरेकडून आणि पूर्वेकडून येतो. या दोन बाजू जमिनीपासून वरपर्यंत बंद केल्या तरी चालतं, पण छपराखाली वीतभर फट चारही बाजूंना उघडीच हवी. उबदार, दमट हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. खाली बसलेल्या कोंबडीला तिचा झोत लागत नाही. दक्षिणेची बाजू जाळीची ठेवा, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि ऊन त्याच बाजूने आत येतं.

भिंतीला सर्वांत स्वस्त आणि चांगला माल म्हणजे तुराट्यांचा कूड. शेणमातीने आतून लिंपला की वारा अडतो आणि भिंत ओल धरत नाही. पऱ्हाटीही चालते, मात्र तिची टोकं आत राहिली तर डोळ्याला लागतात. पोत्यांचे पडदे लावायचे तर बारदानाचे लावा. प्लास्टिकच्या पोत्याच्या आतल्या बाजूला पहाटे हात फिरवून बघा, थेंब हाताला लागतील. ते पाणी कोंबड्यांच्या श्वासाचं असतं आणि तेच खाली गादीत झिरपतं.

पत्र्याचं छप्पर असेल तर दव पडणाऱ्या रात्री तो आतून गळतो. वर कडब्याच्या पेंढ्यांचा एक थर द्या, दोरीने बांधा, म्हणजे पहाटेचं गळणं थांबतं आणि दुपारी पत्रा तापतही नाही. कडबा जवळ आला म्हणजे शेकोटी लांब ठेवा. खुराड्यात घमेल्यात निखारे ठेवायची पद्धत काही घरांत आहे. ती सोडून द्या. धुराने फुप्फुसं जातात, आणि एखाद्या रात्री सगळं खुराडंच पेटतं.

बसायला आडवी दांडी हवी, मनगटाएवढी जाड, जमिनीपासून दीड-दोन फूट. दांडीवर बसलेली कोंबडी पोटाच्या पिसांनी पायाची बोटं झाकून घेते. गार फरशीवर बसवली तर ते जमत नाही. एका कोंबडीला दीड ते दोन चौरस फूट जागा पुरे. हिवाळ्यात फार मोठं खुराडंही कामाचं नसतं, दहा कोंबड्यांनी ती हवा गरम होत नाही.

पडदे दिवस मावळताना सोडा, सकाळी आठ-साडेआठला वर करा. गवतावरचं दव उतरल्याशिवाय कोंबड्या बाहेर काढू नका. आणि लातूर-धाराशिवकडच्या मंडळींसाठी एक गोष्ट: येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, सगळं घर शेतात असतं, परतायला अंधार होतो, तोवर कोंबड्या आपल्या आपण खुराड्यात जाऊन बसलेल्या असतात आणि दार सताड उघडं. मुंगूस आणि रानमांजर सण पाळत नाहीत. दार लावायला शेजाऱ्यांना सांगून जा.

गादी

जमिनीवर तीन-चार इंच जाडीची कोरडी गादी पसरा. सोयाबीनचं भुसकट आपल्याकडे फुकट मिळतं, भुईमुगाची टरफलं त्याहून चांगली, लाकडाचा भुसा मिळाला तर उत्तम. उसाचं पाचट वापरायचं तर बारीक कापून, नाहीतर त्याचे थर चिकटून बसतात.

गादी बरोबर आहे का हे तपासायला मूठभर उचलून घट्ट दाबा. हात उघडल्यावर भुगा मोकळा झाला तर ठीक. लाडू वळला तर ओल जास्त आहे. दुसरी परीक्षा नाकाची. पहाटे पडदे वर करण्याआधी आत वाकून कोंबडीच्या उंचीवर तोंड न्या आणि दोन-चार श्वास घ्या. डोळे चुरचुरले, नाकात झणका बसला, तर ती अमोनियाची वाफ आहे. आपण दोन श्वासांत बाहेर येतो, कोंबडी त्यात बारा तास बसलेली असते. तिच्या श्वासनळीचं आतलं अस्तर या वाफेनेच सोलवटतं आणि मग सर्दीचे जंतू सहज शिरतात.

ओली गादी तेवढीच काढून टाका, बाकीची दर दोन दिवसांनी दाताळ्याने वर-खाली करा, वर ओंजळभर चुन्याची भुकटी भुरभुरून पुन्हा हलवा. बहुतेक वेळा ओल पाण्याच्या भांड्याभोवती असते. भांडं एका विटेवर ठेवलं की निम्मं काम होतं.

खाणं

थंडीत अंग गरम ठेवायला कोंबडी जास्त खाते. मोठ्या कोंबडीचं रोजचं खाणं ११० ते १२० ग्रॅम धरा आणि कडाक्यात त्यात दहाएक टक्के वाढवा. मोकळी फिरणारी गावरान कोंबडी निम्मं बाहेर मिळवते. पण हिवाळ्यात बाहेरचे किडे कमी होतात, हे लक्षात ठेवून घरचं थोडं वाढवावं लागतं.

दहा किलो घरचं खाद्य असं तयार होतं: ज्वारी, बाजरी आणि मका मिळून साडेसहा किलोचा जाडा भरडा, दोन किलो सोयाबीन पेंड, सव्वा किलो तुरीची किंवा हरभऱ्याची चुणी, २०० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ. यातून अंड्यावरच्या कोंबडीला लागणारी १६-१७ टक्के प्रथिनं मिळतात. शिंपल्याचा चुरा यात मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. अंडी देणारी कोंबडी हवा तेवढा खाते. कोंबड्याला आणि लहान तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, त्याची तेवढी गरज नसते, जास्तीचा त्यांना बाधतो. शिंपला मिळाला नाही तर अंड्याची टरफलं भाजून, बारीक कुटून द्या. अख्खी टरफलं टाकली तर कोंबडी अंडं फोडून खायला शिकते आणि ती सवय मोडत नाही.

सोयाबीन घरात पोत्यांनी पडलेलं असतं, म्हणून कच्चंच भरडून घालायचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. ते खाऊन कोंबडी उलट वाळते. तेल काढलेली, भट्टीतून गेलेली पेंड घ्या, नाहीतर सोयाबीन चांगलं खरपूस भाजून वापरा. सरकी पेंड म्हशीला ठेवा. तिच्यातल्या गॉसिपॉल नावाच्या घटकाने अंड्याचा बलक हिरवट-काळपट पडतो.

मक्याची तपासणी सर्वांत महत्त्वाची. परतीच्या पावसात भिजलेला मका स्वस्त मिळतो आणि त्यातच बुरशी असते. दाण्याच्या टोकाला काळं-हिरवं दिसलं, कुबट वास आला, तर तो मका फेकून द्या. बुरशीचं विष भाजून जात नाही, आणि ते खाल्लेल्या कोंबडीचं लिव्हर कामातून जातं. चांगला मकासुद्धा दोन-तीन दिवस कडक उन्हात घाला. दाण्याचा दाताखाली कट्ट आवाज आला पाहिजे. शेंगदाणा पेंडीलाही हाच नियम.

देण्याची वेळ सांभाळा. सकाळी भरडा, थोडं गरम पाणी शिंपडून ओलसर केलेला. तो तासाभरात संपला पाहिजे, उरला तर उचला. संध्याकाळी, पडदे सोडायच्या तासभर आधी, अख्खं धान्य: ज्वारी किंवा मका, दर कोंबडीला मूठभर. अख्खा दाणा रात्रभर हळूहळू पचतो आणि पचनाची ऊब अंगाला मिळते. अंधार पडल्यावर एखादी कोंबडी हातात घेऊन गळ्याखालची थैली चाचपा. ती भरलेली, दाणेदार लागली की रात्रीची काळजी मिटली. सपाट लागली तर ती कोंबडी मागे पडतेय, दुसऱ्या तिला खाऊ देत नाहीत. उद्यापासून तिला वेगळं घाला.

हिरवा पाला रोज हवा. शेवगा, घास, मेथीच्या काड्या, कोबीची बाहेरची पानं, काहीही चालतं. पालक-कोथिंबिरीची जुडी दोरीला बांधून गुडघाभर उंचीवर टांगा, टोचण्यात त्यांचा वेळ जातो आणि एकमेकींची पिसं उपटणं कमी होतं.

फवारणीचे दिवस

थंडीतल्या अचानक मरणांमध्ये हे कारण बऱ्याचदा नजरेतून सुटतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हरभऱ्यावर आणि तुरीवर घाटेअळीसाठी फवारण्या चालू असतात. कोंबड्या नेमक्या त्या मेलेल्या अळ्या वेचायला जातात. त्याच्याही आधी, रब्बीच्या पेरणीत बीजप्रक्रिया केलेलं लाल-गुलाबी बियाणं बांधावर सांडलेलं असतं, ते मूठभरही चार कोंबड्यांचा जीव घ्यायला पुरतं. घराशेजारी शेत असेल तर फवारणी कधी आहे हे शेजाऱ्याला विचारून ठेवा आणि त्यानंतर निदान आठ-दहा दिवस कोंबड्या कोंडून ठेवा. औषधाच्या रिकाम्या बाटलीत किंवा डब्यात त्यांना पाणी कधीच नको, कितीही धुतलं तरी.

पाणी

टाकीत रात्रभर पडलेलं पाणी सकाळी बर्फगार असतं आणि कोंबडी ते पीत नाही. पाणी कमी प्यायली की खाणं कमी, खाणं कमी की अंडी बंद. अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. सकाळी विहिरीचं किंवा बोअरचं ताजं उपसलेलं पाणी द्या, ते थंडीत कोमट लागतं. भांडं संध्याकाळी उपडं करून ठेवा.

पिसं झडणं, अंडी आणि दिव्याचा प्रश्न

वर्ष-दीड वर्षाची कोंबडी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पिसं टाकते. मान उघडी पडते, शेपूट जाते, अंडी थांबतात. दिसायला भयंकर दिसतं, पण हा आजार नाही. जुनी पिसं जाऊन नवी येईपर्यंत दीड-दोन महिने जातात. पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांचीच बनलेली असतात, म्हणून या काळात सोयाबीन पेंड थोडी वाढवा. आठवडी बाजारात सुकट मिळाली तर पाण्यात भिजवून, खारटपणा काढून, चमचाभर द्या. नवी पिसं फुटत असताना कोंबडीला उगाच धरू नका, ती कोवळी पिसं दुखतात आणि मोडली तर रक्त येतं.

अंडी कमी होण्याचं दुसरं कारण उजेड. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला दिवसाचे १४ ते १६ तास उजेड लागतो आणि डिसेंबरअखेर आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. पोल्ट्रीवाले म्हणून दिवे लावतात. घरी लावायचा का? गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडीच देते, तिच्यासाठी दिव्याची खटपट करण्यात अर्थ नाही. तिला दोन महिने विश्रांती घेऊ द्या. गिरिराज, वनराज किंवा ग्रामप्रिया अशा सुधारित जातीच्या असतील आणि तलंगा पहिल्यांदाच अंड्यावर येत असतील, तर मात्र फायदा होतो. नऊ वॉटचा एक एलईडी पुरतो. दिवा पहाटे लावा, संध्याकाळी नको. संध्याकाळी लाइट अचानक गेली की कोंबड्या दांडीवर चढायच्या आधीच अंधारात सापडतात आणि कोपऱ्यात एकमेकींवर पडतात. पहाटेचा वेळ दर आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवा आणि एकदा सुरू केला की मध्येच बंद करू नका, नाहीतर अवेळी पिसं झडतात.

पिल्लं

खरी थंडी पिल्लांना मारते. पिल्लाच्या अंगावर पहिले तीन-चार आठवडे नुसती लव असते, स्वतःचं तापमान त्याला राखता येत नाही. म्हणून पहिला सल्ला वेळेचा: पिल्लं एकतर दसऱ्याच्या सुमाराला आणा, नाहीतर संक्रांत उलटल्यावर. मधला काळ शक्य असेल तर टाळा.

खुडूक कोंबडी असेल तर ती सर्वांत चांगली. उन्हाळ्या-पावसाळ्यात तिच्याखाली बारा-चौदा अंडी बसवतात, थंडीत आठ-दहाच बसवा. कडेची अंडी पोटाबाहेर राहिली की गार पडतात. अंडी आठ दिवसांच्या आतली घ्या. सातव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर धरून बघा. आत लाल जाळं दिसलं तर ठेवा, कोरी दिसली ती काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. डालगं जमिनीवर न ठेवता खाली पोत्याची घडी घाला.

विकत आणलेल्या एक दिवसाच्या पिल्लांना ऊब आपल्याला द्यावी लागते. पंचवीस पिल्लांसाठी पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं तीन फूट रुंदीचं गोल कडं करा, दीड फूट उंच. गोलच, कारण कोपरा मिळाला की पिल्लं त्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. मध्ये दीड फुटावर बल्ब टांगा. थंडीत पिल्लामागे दोन वॉट हा हिशोब, म्हणजे पंचवीस पिल्लांना साठ वॉटचा एक. आणि बल्ब जुन्या पद्धतीचा, तारेचा, पिवळ्या उजेडाचा हवा. एलईडी लावून पिल्लं गारठल्याची उदाहरणं कमी नाहीत, त्यात ऊब नसतेच. बल्ब नुसत्या वायरवर लोंबकळू देऊ नका, वेगळ्या दोरीने बांधा. पिल्लं यायच्या तीन-चार तास आधी तो लावून गादी गरम होऊ द्या.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश हवेत, नंतर दर आठवड्याला तीन-तीन अंशांनी कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवाट चालला असेल तर थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या. चोची उघड्या ठेवून कडेला गेली असतील तर बल्ब वर उचला. सगळीकडे विखरून खात-पीत, मधूनच आडवी होऊन झोपत असतील तर बरोबर जमलंय. सगळी एकाच बाजूला दिसली तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय, फट शोधा.

रात्री लाइट जाणारच, हे धरून चाला. चुलीवर दोन विटा तापवून पोत्यात गुंडाळून कड्यात ठेवा, किंवा गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून. वर अर्ध्या भागावर चादर टाका. दोन-तीन तास निभतात.

पहिलं पाणी कोमट आणि गूळ घातलेलं द्या, त्यानंतर मक्याचा बारीक भरडा कागदावर पसरून. दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचं तयार खाद्य. त्यात कंजुषी करू नका, पहिला महिना जे मिळेल त्यावरच पुढची कोंबडी ठरते. थंडीत बल्ब चार-पाच आठवडे लागतो. पाठीवर आणि छातीवर पिसं आल्यावर आधी दुपारचा बंद करा, मग रात्रीचा.

आजार ओळखणं

रात्री दहाच्या सुमाराला, गाव शांत झाल्यावर, खुराड्याजवळ बॅटरी न लावता दोन मिनिटं उभं राहा. दिवसा न ऐकू येणारी खरखर, शिट्टीसारखा श्वास, शिंक तेव्हा कळते. अशी कोंबडी लगेच डालग्याखाली वेगळी काढा आणि तिला खाणं-पाणी सगळ्यात शेवटी घाला, म्हणजे तुमच्या हातापायांनी आजार पसरत नाही. खरखरीबरोबर तोंड सुजलं आणि नाकाला घाण वास येत असेल तर तो कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी. यावर औषधं आहेत, पण दुकानातून अंदाजाने अँटिबायोटिक आणू नका; ते डॉक्टरने ठरवायचं, आणि त्या काळातली अंडी किती दिवस खायची नाहीत हेही त्यांनाच विचारा. हळद, लसूण, तुळस पाण्यात घातल्याने नुकसान नाही. त्याने कोरायझा बराही होत नाही.

तुऱ्यावर आणि डोळ्याभोवती खपल्या म्हणजे देवी. डासांमुळे पसरते. खपल्या ओढू नका, पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने पुसा, खाता येतंय ना ते बघा. हिरवी विष्ठा, पाय लुळे, मान वाकडी म्हणजे मानमोडी. तिला औषध नाही, जे होतं ते लसीनेच.

एका-दोन दिवसांत अनेक पक्षी पटापट मेले, तुरे जांभळे-निळे पडले, तर बर्ड फ्लूची शंका धरा. तो आपल्याकडे बहुतेक थंडीतच येतो. जायकवाडीसारख्या जलाशयांवर बाहेरचे पक्षी उतरण्याचेही हेच महिने. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात कोंबड्यांमध्ये तो आढळला होता, आणि जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले ते त्यानेच. अशा वेळी मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, कापू नका, नाल्यात फेकू नका, उरलेले घाईने विकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. बाजारातून आणलेली कोणतीही नवी कोंबडी पंधरा-वीस दिवस अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची, ती कितीही गुटगुटीत दिसली तरी.

उवा-पिसवांसाठी थंडीत खर्च नाही. चुलीची चाळलेली राख आणि कोरडी माती निम्मी-निम्मी एका फुटक्या टोपल्यात भरून उन्हात ठेवा. दुपारी कोंबड्या आपण होऊन त्यात लोळतात. फक्त राखेत निखारा राहिलेला नाही ना, हे हात घालून बघा.

संक्रांतीनंतर

'होळी जळाली, थंडी पळाली' म्हणतात, पण आपल्याकडे दुपारचं ऊन फेब्रुवारीतच चटका द्यायला लागतं. पडदे एकदम काढू नका. आधी दुपारचे पूर्ण वर, मग रात्री निम्मे, आणि पहाटेचा गारवा गेल्यावर उतरवून, धुऊन, वाळवून ठेवून द्या. अख्ख्या मक्याचं प्रमाण कमी करून ज्वारी वाढवा, मका उष्ण पडतो. हिवाळ्यात तयार केलेली गादी याच वेळी बाहेर काढायची. हे खत जोरकस असतं. ताजं झाडाच्या बुडाशी घातलं तर मुळं जळतात. खड्ड्यात पाणी शिंपडून दोन-तीन महिने कुजू द्या, पावसाळ्याच्या तोंडाला भाजीच्या वाफ्यात घालता येईल.